आवाज कुणाचा? वाचकांचे प्रश्न, साउंडवालीची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, शे-दीडशे माणसांच्या क्लबात हेवी मेटलचा कार्यक्रम मिक्स करणं, म्हणजे साउंडच्या टेबलावरून सगळ्यांचे आवाज जुळवणं, हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. भावगीतांच्या मैफलीपेक्षा आणि नाटकाच्या प्रयोगापेक्षाही. त्यावर बरीच पत्रं आली. "ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" एवढंच विचारणाऱ्यांना आमच्या आईनं माझ्या विसाव्या वर्षीच उत्तर देऊन ठेवलंय. बाकीच्यांतली पाच पत्रं घेते.

माझी मुलगी वीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका क्लबात मेटलचा कार्यक्रम आहे, तिथे मैत्रिणींबरोबर जाते म्हणते. पोस्टरवर कवट्या आहेत आणि बँडचं नाव तर वाचताच येत नाही, नुसत्या काट्याकुट्या. सैतानाची पूजा वगैरे असते म्हणतात ते खरं का? तिच्या बाबांनी साफ नाही म्हटलंय. मला काही ठरवता येईना. — एक आई, चिंचवड

ताई, पोस्टरवरची नावं मलाही वाचता येत नाहीत. मी मॅनेजरला फोन करून विचारते आणि मग चॅनेलच्या पट्टीवर मराठीत लिहून ठेवते. काट्याकुट्या ही त्यांची अक्षर काढायची रीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सैतानाचं म्हणाल तर मुंबईचा एक जुना बँड आहे, डेमॉनिक रिझरेक्शन. २००० साली सुरू झाला. नाव ऐकूनच तुमच्या यजमानांनी कपाळाला हात लावला असेल. त्यांचा २०१७ चा अल्बम कशावर आहे? दशावतारांवर. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, सगळे ओळीनं. कोकणात रात्र रात्र दशावतारी बघत वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. नृसिंह कुणाचं पोट फाडतो तेव्हा आपण लहान पोरांना मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसतोच की. बँडचा संस्थापक आणि गायक साहिल मखिजा यूट्यूबवर स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. मुंबईतच २००३ साली निघालेल्या दुसऱ्या एका बँडचं नाव सरळ 'भयानक मौत'. नाव ठेवताना पोरं हसली असतील याची मला खात्री आहे. आणि ती तर्जनी-करंगळीची शिंगं? ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकानं, आणि तो सांगायचा की, ही खूण मी माझ्या इटालियन आजीकडून उचलली. आजी ती दृष्ट लागू नये म्हणून करायची. म्हणजे आपल्या मीठ-मोहऱ्यांची चुलतबहीणच.

स्टेजसमोर पोरं एकमेकांवर आदळतात त्याला पिट म्हणतात. बघायला भीती वाटते, पण त्याचा एक नियम आहे आणि तो मी वर्षानुवर्षं पाळलेला बघते: कुणी पडलं की आजूबाजूचे थांबतात, काखेत हात घालून त्याला उभा करतात, चष्मा पडला असेल तर एक जण हात वर करून तो दाखवत राहतो. कुणाला पिटमध्ये जायचं नसेल तर ते कडेनं उभे राहतात, कुणी ओढत नाही. तरी लेकीला सांगा: लोंबते कानातले नकोत, ओढणी नको, चपला नकोत, बंद बूट घाल. आणि गर्दीचा फायदा घेऊन अंगचटीला येणारा एखादा सगळीकडे असतो, मेटलमध्येही आणि गणपतीच्या मिरवणुकीतही. तसं काही झालं तर बाउन्सरकडे किंवा सरळ माझ्यासारख्या साउंडच्या टेबलाशी यावं. आम्ही गाणं थांबवतो.

आता तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी. एक म्हणजे तिकिटावरची वयाची अट बघा. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बरेच क्लब २१ खालच्यांना आतच घेत नाहीत. तुमची मुलगी वीसची. बाबांनी दार लावायच्या आधी क्लबवालाच लावायचा, आणि तिकिटाचे पैसे गेले ते गेले.

दुसरी गोष्ट मला सैतानापेक्षा पुष्कळ मोठी वाटते: मागचं दार. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन नावाच्या लहानशा क्लबात ग्रेट व्हाइट हा बँड वाजत होता. सुरुवातीलाच स्टेजवर आतषबाजी केली, तिच्या ठिणग्या भिंतीवरच्या फोमला लागल्या, आणि १०० माणसं गेली. दुसरी दारं होती. पण बहुतेक लोक आत आले त्याच पुढच्या दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. २०१५ च्या ऑक्टोबरात बुखारेस्टच्या कोलेक्टिव्ह क्लबात एका मेटल बँडच्या अल्बमचं प्रकाशन होतं. तीच आतषबाजी, तोच फोम, आणि बाहेर पडायला धड एक दार. ६४ जण गेले. लोक रस्त्यावर उतरले आणि रोमानियाच्या पंतप्रधानाला काही दिवसांत राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे मुंबईत २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. तिथे मेटल नव्हतं, वाढदिवस होता. तेव्हा संगीताचा यात काही दोष नाही. दोष स्वस्त फोमचा, छपराखालच्या ठिणग्यांचा आणि अडवलेल्या वाटांचा.

मी कुठल्याही क्लबात गेले की केबल टाकायच्या आधी मागचं दार हातानं ढकलून बघते. एका ठिकाणी ते उघडेना, कारण पलीकडे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट छातीपर्यंत रचलेले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, उद्या काढतो." मी मल्टिकोर केबलच्या वेटोळ्यावर बसून राहिले. क्रेट वीस मिनिटांत निघाले. लेकीला एवढंच सांगा की, आत गेल्यावर दुसरं दार कुठे आहे ते आधी बघ, मग मैत्रिणींबरोबर सेल्फी काढ. हे करणार असेल आणि वयाची अट बसत असेल, तर जाऊ द्या.

आमचा चौघांचा बँड आहे. गॅरेजमध्ये प्रॅक्टिसला आमचं इतकं टाइट वाजतं की शेजारचे काकाही मान डोलावतात. पण क्लबातल्या पहिल्याच शोला सगळा गाळ झाला. गिटार ऐकू येईना, डबल बेस ड्रम म्हणजे नुसता भूकंप, व्होकलला सारखी शिट्टी. साउंडवाल्यानं मुद्दाम केलं का? पहिल्या बँडचा साउंड नेहमी वाईट ठेवतात असं ऐकलंय. — एक गिटारिस्ट, नाशिक

मुद्दाम कुणी करत नाही रे. एका रात्रीत पाच बँड, दोन बँडच्या मध्ये दहा मिनिटं, आणि जेवण नाही. तो कंटाळलेला असू शकतो, पण तुझा दुश्मन नसतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की कर: लहान खोलीत आवाजाचा मालक ड्रमर असतो. साउंडवाला नाही, क्लबवाला नाही आणि गिटारवाला तर नाहीच नाही. माइक न लावता जोरात मारलेला स्नेअर, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातला कडक वाजणारा ड्रम, जवळून ११० डेसिबलच्या घरात जातो. माझ्या टेबलावर त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, पार खाली असला तरी तो खोलीभर ऐकू येतोच. मग बाकी सगळं मला त्याच्या वर न्यावं लागतं. मैदानात मी ड्रम कमी-जास्त करू शकते, क्लबात नाही. म्हणून क्लबात वाजवायचं असेल तर पहिली बोलणी ड्रमरशी करायची. विशेषतः झांजांवर हात आवर म्हणावं, कारण गायकाच्या माइकच्या मागे हातभरावर त्या असतात. मी गायक वाढवला की झांजाही वाढतात.

आता गिटार. गॅरेजमध्ये तू अँपवर काय करतोस ते सांगू? बेस आणि ट्रेबल वर, मधला मिड पार खाली. एकट्यानं ऐकायला ते फार भारी लागतं. पण बँडमध्ये खालची जागा बेस गिटारची आणि किकची, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमची, आणि वरची झांजांची. तू मिड काढून टाकलास म्हणजे तुझ्या राहत्या खोलीचंच भाडं भरलं नाहीस. मिड परत आण, गेन, म्हणजे आवाज फाडायची चावी, थोडा उतरव. हाताला पिचपिचीत लागेल, समोरच्याला दणदणीत ऐकू येईल. दुसरं, तुझा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, जमिनीवर, तोंड तुझ्या पोटऱ्यांकडे. तुला ऐकू येत नाही म्हणून तू वाढवतोस आणि पहिल्या रांगेतल्या पोराच्या कपाळात भोक पडतं. कॅबिनेट खुर्चीवर ठेव नाहीतर मागे तिरका कर.

आणि हा जो खालचा गुरगुराट तुम्हा सगळ्यांना हवा असतो, त्याचा उगम ठाऊक आहे ना? बर्मिंगहॅमचा टोनी आयॉमी पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५ साली कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची शेंडं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्यानं भांडी घासायच्या साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर तीन श्रुती... नाही, शास्त्रीयवाले मला मारतील, तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धे स्वर, खाली आणला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या रेकॉर्डवर तो वजनदार आवाज आहे. तुम्ही सगळे त्याच उतारावरून आणखी खाली घसरत आहात.

पण खाली उतरलं की खोली भांडायला लागते. तसा उतरवलेला सूर म्हणजे खालचा सी शार्प, त्याची कंपनं सेकंदाला ६९ च्या आसपास. हवेत त्या लाटेची लांबी होते साधारण पाच मीटर. आणि तुमचा क्लब किती रुंद होता? सहा-सात मीटर असेल. म्हणजे एक लाट जेमतेम मावते, भिंतीवर आपटून परत येते आणि स्वतःवरच चढते. मग बारच्या कोपऱ्यात भूकंप आणि मधोमध उभ्या असलेल्याला काहीच नाही. गॅरेजमध्ये जुन्या गाद्या, कपाटं, भंगार असतं. सगळं थोडा थोडा आवाज पितं. गाद्यांनी खालचा गुरगुराट थांबत नाही, पण बाकीचा चकचकाट मरतो आणि कानाला सगळं नीट कळतं. क्लबात काच, फरशी, बाटल्या आणि काँक्रीट.

आता दोन्ही पायांनी वाजवतात त्या डबल बेसचा हिशेब कर. २०० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांना, सोळाव्या नोट्स, म्हणजे मात्रेला चार ठोके, धरले की सेकंदाला तेराच्या वर ठोके. दोन ठोक्यांत जेमतेम पंचाहत्तर मिलिसेकंद. खोलीतला खालचा गुंजारव त्याहून कितीतरी वेळ टिकतो. पहिला ठोका विरायच्या आत पुढचे तीन-चार येऊन बसतात, त्याचा तो भूकंप. म्हणून मी किकचा 'धम' कापते आणि पेडलचा बीटर, म्हणजे हातोडी, कातड्यावर आपटतो तो 'टक' वाढवते, तीन-चार हजार हर्ट्झच्या भागात. मेटल ऐकताना किक टाइपरायटरसारखी लागते ती यामुळेच. काही ड्रमर बीटर लागतो तिथे चक्क नाणं चिकटवायचे. ड्रमर एका जोरानं मारत असेल तरच हे साधतं. डावा पाय हळू आणि उजवा जोरात असेल, तर माझ्या हातात काही नाही.

शिट्टीचा गुन्हेगार तुमचा गायक आहे. तो माइकची जाळी दोन्ही मुठींत झाकून ओरडत होता ना? फोटोत झकास दिसतं. पण साधा स्टेजचा माइक पुढचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, तो जाळीच्या मागच्या मोकळ्या जागेमुळे. ती बुजवली की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, समोरच्या मॉनिटरचाही, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचाही, आवाज घेतो आणि कूं करतो. वर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. त्याला सांग, माइक दांड्याला धर.

आणि वेळेवर या. साउंडचेकला एकेकानं वाजवायचं असतं. मी किक ऐकत असताना गिटारवाल्यानं आपलं आवडतं सोलो काढलं की मी हेडफोन काढून ठेवते.

जावयानं माझं तिकीट काढलंय. त्याचा मित्र त्या बँडमध्ये बेस वाजवतो. मी बँकेतून निवृत्त, वय ६३, कान अजून ठणठणीत आहेत आणि ते तसेच ठेवायचे आहेत. कापूस घालून जावं का? — एक सासरे, ठाणे

कापसानं काही होत नाही, नुसती समजूत. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, ते घ्या. घालायची पद्धत महत्त्वाची: बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. बाहेर लोंबत असेल तर तो दागिना झाला. गाणंही नीट ऐकायचं असेल तर वाद्यवाल्यांच्या दुकानात फिल्टरवाले प्लग मिळतात. ते सगळं सारखं कमी करतात, फोम वरचे सूर जास्त खातो.

बँकेतले आहात म्हणून हिशेब देते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांसाठी सरासरी १०० ची कमाल मर्यादा सुचवली आहे. क्लबातला मेटल शो त्याच्या आगेमागेच असतो आणि दोन तास चालतो. बाकी तुम्हीच जमाखर्च करा.

उभं राहायचं साउंडच्या टेबलाशेजारी. आम्ही तिथे ऐकून मिक्स करतो, म्हणजे खोलीत सगळ्यात बरं तिथेच ऐकू येतं, आणि पिटचे धक्केही पोचत नाहीत. स्पीकरच्या तोंडासमोर किंवा कोपऱ्यात नको. घरी आल्यावर कानात कुईं वाजत राहिलं आणि दुसऱ्या दिवशीही गेलं नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. जावयाची भीड नको.

आमच्या बिल्डिंगच्या शेजारी क्लब आहे. शनिवारी रात्री बारापर्यंत छातीत धडधड. तुम्ही याचं कौतुक करता? — एक त्रस्त रहिवासी, अंधेरी

नाही हो. तुमची बाजू बरोबर आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त जागेला आतल्या आत सूट आहे, पण आतला आवाज आतच राहिला पाहिजे. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गंमत अशी की गायकाचा आरडाओरडा तुमच्यापर्यंत येत नाही, खिडकी लावली की गेला. येतो तो खालचा धम, कारण तो भिंत आणि स्लॅब हलवत येतो. दाराला पडदे लावून तो अडत नाही. सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, जमिनीवरून उचलून रबरावर ठेवला आणि भिंत दुहेरी केली तर फरक पडतो. क्लबवाल्याला हे सांगा, खर्च ऐकून तो आवाज तरी कमी करेल. नाही केला तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. तोंडी दिलेली हवेत विरते.

मला वाईट याचं वाटतं की धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, उघड्यावर, हजारो पोरं. तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथलं संगीत थांबलं. शेजारी इस्पितळं होती, नियम चुकीचा नव्हता. पण बदल्यात त्या पोरांना शहरानं दुसरी जागा दिली नाही. मग ती जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरसमध्ये गेली, तेही बंद झालं. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ ला उघडलं आणि २०१६ ला मिटलं. आता जिथे भाडं परवडेल तिथे, म्हणजे कधी कधी तुमच्या बेडरूमच्या भिंतीला लागून.

मी शास्त्रीय गायन शिकवते. माझा एक चांगला विद्यार्थी मेटल बँडमध्ये ते गुरगुरणं करायला लागलाय. शब्द तर एक कळत नाही. त्याचा गळा जाईल का? — एक शिक्षिका, कोल्हापूर

शब्द मलाही कळत नाहीत, बाई. मी कागद मागून घेते.

गळ्याचं असं आहे की, जाणकार गुरगुरणारा आपल्या खऱ्या स्वरपट्ट्यांवर ताण देत नाही. त्यांच्या वर दुसऱ्या दोन घड्या असतात, खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात त्यांना. त्या जवळ आणून, पोटातून सांभाळून सोडलेल्या श्वासावर हा आवाज काढतात. जवळून ऐकलं तर तो आश्चर्य वाटावं इतका लहान असतो, बोलण्याहून फार मोठा नाही. मोठा मी करते, टेबलावर. न शिकता नुसता बोंबलणाऱ्याचा आवाज तिसऱ्या गाण्यालाच बसतो, आणि तोच पोरगा उद्या तुमच्याकडे खोकत येईल. तेव्हा त्याला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. मानेच्या शिरा फुगल्या, खांदे वर गेले, नंतर बोलताना आवाज घोगरा आला, तर तो चुकीचं करतोय. थांबवा आणि हे शिकवणाऱ्या कुणाकडे तरी पाठवा. खांदे खाली, श्वास खोल आणि नंतर षड्ज स्वच्छ लागत असेल, तर रागावू नका. फक्त रियाज सकाळी आणि हे संध्याकाळी, एकाच बैठकीत दोन्ही नको.